राज्याश्रय आणि नृत्यसंगीत : गिनीच्या 'बेम्बेया जॅझ' वाद्यवृंदाची जडणघडण

गोषवारा

पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशात १९६१ साली स्थापन झालेल्या 'बेम्बेया जॅझ' या वाद्यवृंदाने मांदे परंपरेचे संगीत, क्युबन नृत्यसंगीत आणि जॅझ या तीन प्रवाहांचा संयोग घडवून आणला. हा संयोग केवळ कलावंतांच्या आवडीतून झालेला नाही. नवस्वतंत्र राष्ट्राचे सांस्कृतिक धोरण, शासनाने पुरवलेली साधने आणि पिढीजात गायक-वादकांचे कौशल्य या तिन्ही गोष्टी त्यामागे होत्या. ज्या शासनाने ही कला उभी केली त्याच शासनाने हजारो नागरिकांचा छळ केला, ही वस्तुस्थितीही या संगीताच्या मूल्यमापनात टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात बेम्बेया जॅझच्या संगीताची घडण आणि राज्याश्रयाशी असलेले त्याचे नाते यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गिनी, मांदे संगीत, जेली, क्लावे, सिलिफोन, राज्याश्रय.

१. प्रस्तावना

२८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये सार्वमत घेण्यात आले. जनरल द गॉल यांनी मांडलेल्या फ्रेंच समुदायात राहायचे की तत्काळ स्वतंत्र व्हायचे, असा प्रश्न होता. नकार देणारी गिनी ही एकमेव वसाहत ठरली. २ ऑक्टोबर १९५८ रोजी गिनी स्वतंत्र झाली आणि कामगार चळवळीतून पुढे आलेले अहमद सेकू तूरे तिचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रान्सने आपले अधिकारी, तंत्रज्ञ आणि अर्थसाहाय्य तातडीने काढून घेतले. तिजोरी जवळजवळ रिकामी आणि प्रशासन विस्कळीत, अशा अवस्थेत या राष्ट्राचा कारभार सुरू झाला.

असे असूनही या शासनाने आपल्या तुटपुंज्या साधनांतील लक्षणीय वाटा गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ध्वनिवर्धक यांच्या खरेदीवर खर्च केला. रस्ते, शाळा व दवाखाने यांची निकड असताना नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांना अग्रक्रम का मिळाला आणि त्यातून निर्माण झालेल्या संगीताकडे आज कोणत्या दृष्टीने पाहावे, हे दोन प्रश्न या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. बेम्बेया जॅझ हा त्या काळातील गिनीचा सर्वांत ख्यातनाम वाद्यवृंद असल्याने त्याच्या आधारे या प्रश्नांचा विचार करणे सोयीचे ठरते.

२. क्युबन संगीताचा आफ्रिकेतील प्रवेश

गिनीच्या धोरणाकडे वळण्यापूर्वी तेथील नृत्यगृहांत त्या काळी कोणते संगीत वाजत होते हे पाहणे आवश्यक आहे. डॉन आस्पियासू यांच्या हवाना येथील वाद्यवृंदाने १९३० साली न्यूयॉर्कमध्ये 'एल मानिसेरो', म्हणजे 'शेंगदाणेवाला', हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि ते जगभर गाजले. त्यानंतर काही वर्षांतच 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीने 'जीव्ही' या क्रमांकमालेखाली क्युबन गीतांच्या तबकड्या आफ्रिकेच्या बाजारपेठेत आणल्या. डाकारपासून लिओपोल्डव्हिलपर्यंतच्या बंदरांत व शहरांत या तबकड्या पोहोचल्या. स्पॅनिश भाषा न समजणारे गायकही त्यातील शब्द कानाने टिपून गाऊ लागले.

या लोकप्रियतेचे स्पष्टीकरण बहुधा असे दिले जाते की, गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपलीकडे गेलेले संगीत तबकड्यांच्या रूपाने मायभूमीस परत आले. या विधानात तथ्य आहे. परंतु ते तपासून घेतले पाहिजे. क्युबाच्या संगीतातील आफ्रिकी अंशावर मुख्यत्वे काँगो खोऱ्यातील आणि योरुबा समाजाच्या परंपरांचा ठसा आहे आणि त्यात स्पॅनिश गीतरचना व तंतुवाद्ये मिसळलेली आहेत. गिनीतील मांदे भाषिकांचा त्यातील वाटा तुलनेने मर्यादित होता. त्यामुळे 'आपलेच संगीत परत आले' ही भावना ऐतिहासिक सत्याइतकीच राजकीय गरजेतूनही आलेली दिसते. ज्यांना आधुनिक व्हायचे होते, पण फ्रेंच व्हायचे नव्हते, त्यांना क्युबाचे संगीत सोयीचे होते. ते शहरी होते, विजेच्या वाद्यांवर वाजवता येत होते आणि राज्यकर्त्या देशाचे नव्हते. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबा हे गिनीचे मित्रराष्ट्र बनले, त्यामुळे या पसंतीला अधिकृत मान्यताही मिळाली.

'जॅझ' या शब्दाविषयीही खुलासा आवश्यक आहे. बेम्बेयाच्या नावात तो असला तरी अमेरिकेतील स्विंग वा बीबॉप या शैलींचे अनुकरण त्यातून सूचित होत नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेत त्या काळी ट्रम्पेट-सॅक्सोफोन, ड्रमसंच आणि गिटार असलेल्या कोणत्याही आधुनिक नृत्यवृंदास 'जॅझ' म्हणण्याची पद्धत होती.

३. स्वातंत्र्योत्तर सांस्कृतिक धोरण

वसाहतकाळात गिनीच्या शहरांतील वाद्यवृंद फ्रेंच अधिकारी व स्थानिक सुशिक्षितांसाठी वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट अशी नृत्ये वाजवीत असत. स्वातंत्र्यानंतर सेकू तूरे यांच्या शासनाने असे वाद्यवृंद बरखास्त केले. नभोवाणीवरील परदेशी संगीतावर निर्बंध घातले आणि निवडक वादकांना एकत्र आणून १९५९ मध्ये 'सिली ऑर्केस्ट्रा नॅशनल' हा पहिला राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला. 'सिली' म्हणजे सूसू भाषेत हत्ती. हत्ती हे सत्ताधारी पक्षाचे बोधचिन्ह होते. पुढे या वृंदातून 'केलेतिगी ए से तांबूरिनी' आणि 'बाल्ला ए से बालादँ' हे दोन स्वतंत्र वृंद निर्माण झाले.

यानंतर देशातील प्रत्येक प्रशासकीय विभागाने स्वतःचा वाद्यवृंद, नृत्यपथक, नाट्यपथक आणि पारंपरिक वादकांचा ताफा तयार करावा, असा दंडक घालण्यात आला. विभागीय संघ राजधानी कोनाक्री येथील राष्ट्रीय कला महोत्सवात स्पर्धा करीत. विजेत्या वृंदांना 'राष्ट्रीय' दर्जा मिळे आणि त्यातील कलावंत सरकारी नोकर होत. त्यांना दरमहा वेतन मिळे आणि वाद्ये शासनाच्या मालकीची असत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'सिलिफोन' ही शासकीय ध्वनिमुद्रण संस्था सुरू झाली. १९८४ पर्यंत तिने दीडशेहून अधिक ध्वनिमुद्रिका प्रकाशित केल्या.

या धोरणास 'ऑथाँतिसिते', म्हणजे अस्सलपणा, असे नाव होते. त्याचा आशय असा की, कलावंतांनी परक्याचे अनुकरण न करता आपल्या प्रदेशातील जुन्या रचनांचा शोध घ्यावा आणि त्या आधुनिक वाद्यांवर उभ्या कराव्यात. येथे एक विसंगती सहज लक्षात येते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्या या धोरणाने वाद्ये मात्र युरोपीय निवडली आणि तालाचा साचा क्युबन राहू दिला. या विसंगतीचे कारण गिनीच्या समाजरचनेत सापडते. मालिंके, सूसू, फुला आणि अरण्यप्रदेशातील अनेक लहान समाज या देशात राहतात. एका समाजाचे वाद्य राष्ट्राचे वाद्य म्हणून पुढे केले असते तर इतरांना ते परके वाटले असते. विजेची गिटार कोणत्याच समाजाची नव्हती, म्हणून ती सर्वांची होऊ शकली.

४. बेयला ते कोनाक्री

गिनीच्या आग्नेयेस, अरण्यप्रदेशात, बेयला हे लहान गाव आहे. तेथील प्रशासक एमिल कोंदे यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थानिक तरुणांचा वाद्यवृंद तयार झाला. जवळून वाहणाऱ्या बेम्बेया नदीवरून त्याला नाव मिळाले. गिटारवादक सेकू दियाबाते, बासगिटारवादक हामिदू दियाऊने, ट्रम्पेटवादक मोहामेद आश्केन काबा, गायक सालिफू काबा आणि पुढे या वृंदाचा मुख्य आवाज ठरलेले आबूबाकार देंबा कामारा हे त्यातील प्रमुख कलावंत होत.

राष्ट्रीय महोत्सवांत सलग यश मिळाल्यानंतर १९६६ मध्ये या वृंदास 'बेम्बेया जॅझ नॅशनल' हा दर्जा मिळाला व तो कोनाक्रीस आला. त्यापूर्वी १९६५ मध्ये या कलावंतांनी क्युबाचा दौरा केला होता. तेथे ज्येष्ठ क्युबन गायक आबेलार्दो बार्रोसो यांच्याशी त्यांची भेट झाली आणि देंबा कामारा यांचे गाणे ऐकून बार्रोसो भारावून गेले, असे सांगितले जाते. तबकड्यांवरून कानाने शिकलेली शैली तिच्या उगमस्थानी सादर करण्याची ही संधी राजकीय मैत्रीमुळेच मिळाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

५. तीन प्रवाहांचा संयोग

बेम्बेयाच्या संगीतात तीन परंपरा एकत्र येतात, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे एकत्र येणे प्रत्यक्षात कसे घडते याचे स्वरूप पुढीलप्रमाणे सांगता येईल.

अ) तालाचा पाया : क्युबन 'सोन' या गीतप्रकाराचा ताल 'क्लावे' या पाच आघातांच्या आकृतीवर उभा असतो. सोळा समान मात्रांचे आवर्तन धरल्यास पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी या मात्रांवर लाकडी दांड्यांचे आघात पडतात. पहिल्या अर्ध्यात तीन आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन आघात येत असल्याने आवर्तनाचे दोन भाग असमतोल वाटतात आणि हाच असमतोल नर्तकाला पुढे ढकलतो. भारतीय तालपद्धतीत टाळी-खाली विभागांच्या आरंभी येतात. क्लावेमध्ये मात्र बहुतेक आघात मुख्य ठोक्यांच्या अधल्यामधल्या जागी पडतात. पश्चिम आफ्रिकेतील घंटावादनातही अशाच असमान अंतराच्या आकृती वापरल्या जातात. त्यामुळे क्युबन ताल तेथील वादकांना नवा शिकावा लागला नाही. ओळखीच्या तत्त्वाचा तो निराळा आविष्कार होता.

आ) गिटार आणि बालाफोन : मांदे समाजात गायन-वादन, वंशावळी सांगणे आणि पराक्रमाची गाणी रचणे हे काम 'जेली' नावाच्या पिढीजात कलावंतांकडे असते. फ्रेंच लेखनात त्यांना 'ग्रियो' म्हटले जाते. महाराष्ट्रातील वाचकांस भाट आणि शाहीर यांच्या कार्याची आठवण व्हावी, असे हे कार्य आहे. कोरा, न्गोनी आणि बालाफोन ही जेलींची प्रमुख वाद्ये होत. कोरा हे एकवीस तारांचे वाद्य दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी यांनी वाजवतात. बालाफोन हे काष्ठतरंगासारखे वाद्य असून त्याच्या लाकडी पट्ट्यांखाली नाद वाढविण्यासाठी भोपळे बांधलेले असतात. गिनीतील न्यागासोला येथे जपून ठेवलेला प्राचीन 'सोस्सो-बाला' हा बालाफोन इतका पूजनीय मानला जातो की, त्याच्या परंपरेस २००१ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून गौरविले.

सेकू दियाबाते हे अशाच जेली घराण्यातील होत. मांदे वादनात दोन स्तर असतात. एक, अखंड फिरत राहणारी मूळ आकृती आणि दुसरा, तिच्यावरून वेगाने खाली उतरणाऱ्या स्वरावली. कोरावादक यांना अनुक्रमे 'कुंबेन्गो' आणि 'बिरिमिंतिंगो' म्हणतात. बेम्बेयाच्या रचनांत साथीच्या गिटारी पहिला स्तर धरून ठेवतात आणि सेकू दियाबाते यांची गिटार दुसऱ्या स्तरावर संचार करते. त्यांच्या वादनात स्वरांची ओघवती, उतरती माळ ऐकू येते, तीत बालाफोनवरील दोन छड्यांच्या आलटून पालटून पडणाऱ्या आघातांची आठवण होते. १९७७ मध्ये लागोस येथे झालेल्या आफ्रिकी कला महोत्सवात त्यांना 'हिऱ्याची बोटे' असे बिरुद मिळाले. क्युबन सोनमध्ये 'त्रेस' हे तंतुवाद्य जी भूमिका पार पाडते, ती येथे गिटारकडे आली. परंतु तिची भाषा मांदे राहिली.

इ) सुषिर वाद्ये आणि गायन : ट्रम्पेट व सॅक्सोफोन यांचे एकत्रित, छोटे, पुनरावृत्त वाक्यांश आणि मधल्या भागातील एकट्या वादकाचे उत्स्फूर्त वादन या दोन गोष्टी जॅझ आणि क्युबन वाद्यवृंद या दोन्हींकडून आल्या. गीताच्या उत्तरार्धात मुख्य गायकाची ओळ आणि समूहाचे उत्तर असा क्रम सुरू होतो. क्युबात यास 'मोन्तुनो' म्हणतात. जेलींच्या गायनातही मुख्य गायक व साथीदार यांची अशी देवघेव असतेच. म्हणजे या ठिकाणी दोन परंपरा मुळातच एकमेकींस जुळणाऱ्या होत्या. 'साबोर दे ग्वाहिरा' यासारख्या आरंभीच्या रचनांत क्युबन छाप ठळक आहे. पुढे मालिंके व सूसू भाषांतील गीते वाढत गेली आणि क्युबन अंश पार्श्वभूमीस गेला.

या वाद्यवृंदांमुळे एक सामाजिक बदलही घडला. पूर्वी गायन हा जेली कुळांचा व्यवसाय होता. प्रतिष्ठित कुळातील व्यक्तीने गाणे कमीपणाचे मानले जाई. शासकीय वृंदांनी गायकास वेतन आणि राष्ट्रसेवकाचा दर्जा दिल्याने हे बंधन सैल झाले. शेजारच्या मालीमध्ये १९७० साली स्थापन झालेल्या 'रेल बँड'मध्ये सालिफ केइता गाऊ लागले. ते साम्राज्यसंस्थापक सुंजाता केइता यांच्या कुळातील होते. हे याच परिवर्तनाचे उदाहरण होय.

६. 'रगार स्यूर ल पासे' : इतिहासाचे सादरीकरण

बेम्बेयाच्या कार्याचा कळस म्हणून 'रगार स्यूर ल पासे', अर्थात 'भूतकाळाकडे दृष्टिक्षेप', या १९६८ मधील रचनेचा उल्लेख केला जातो. १९६९ मध्ये ती दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासाहून अधिक काळ चालणाऱ्या या एकाच रचनेने ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापल्या आहेत. नृत्यासाठी तीन-चार मिनिटांची गीते वाजविणाऱ्या वृंदासाठी हा विलक्षण प्रयोग होता.

रचनेचा विषय आहे सामोरी तूरे यांचे चरित्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासुलू राज्य उभारणाऱ्या सामोरी यांनी १८८२ पासून फ्रेंच सैन्याशी दीर्घकाळ झुंज दिली. आधुनिक बंदुकांच्या प्रतिकृती आपल्या लोहारांकडून बनवून घेतल्या. १८९८ मध्ये ते पकडले गेले आणि १९०० मध्ये गॅबनमधील वनवासात त्यांचा मृत्यू झाला. सामोरी यांच्या भावाच्या गौरवार्थ रचलेल्या 'केमे बूरेमा' या जेलींच्या पारंपरिक रचनेवर बेम्बेयाने आपली कलाकृती उभी केली. फ्रेंच भाषेतील निवेदन, मालिंके गायन आणि मध्ये गिटार-सुषिर वाद्यांचे दीर्घ अंश अशी तिची बांधणी आहे. गद्य निवेदन आणि गायन यांच्या आलटून पालटून येण्यामुळे मराठी श्रोत्यास पोवाड्याची घडण आठवेल. १९६९ मध्ये अल्जिअर्स येथे झालेल्या अखिल आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवात या सादरीकरणास रौप्यपदक मिळाले.

या कलाकृतीचा राजकीय अर्थ उघड होता. राष्ट्राध्यक्ष सेकू तूरे स्वतःस सामोरी यांचे वंशज म्हणवीत असत. द गॉल यांना दिलेला नकार हा सामोरींच्या लढ्याचाच पुढचा अध्याय आहे, असे श्रोत्यांनी समजावे अशी योजना होती. सामोरींच्या स्वाऱ्यांत ज्या प्रदेशांची हानी झाली आणि जे लोक गुलाम म्हणून विकले गेले, त्यांच्या स्मृतींना या गौरवगाथेत स्थान नाही. तथापि केवळ एवढ्यावरून तिला प्रचार म्हणून बाजूस सारणेही योग्य नाही. आश्रयदात्याच्या पूर्वजांचा गौरव करणे हे जेलींचे शतकानुशतकांचे कार्यच होते. बेम्बेयाने ते राजदरबारातून काढून नभोवाणीवर आणि नृत्यगृहात नेले. वसाहतीच्या शाळांत ज्यांना सामोरी हे क्रूर लुटारू म्हणून शिकविले गेले होते, त्या पिढीला हाच इतिहास दुसऱ्या बाजूने प्रथमच जाहीरपणे ऐकावयास मिळाला.

७. आश्रयाची दुसरी बाजू

गिनीतील राज्याश्रयाचा विचार बोइरो छावणीचा उल्लेख केल्याशिवाय पूर्ण होत नाही. कोनाक्रीतील या छावणीत सेकू तूरे यांच्या राजवटीत राजकीय बंद्यांना ठेवले जाई. छळ, उपासमार व मृत्युदंड यांमुळे तेथे आणि देशातील अन्य तुरुंगांत हजारो लोक मरण पावले. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीज सैन्याने गिनीच्या निर्वासित विरोधकांसह कोनाक्रीवर हल्ला केला. त्यानंतर संशयितांच्या धरपकडीस सीमा राहिली नाही. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली यांचा १९७७ मध्ये याच छावणीत अन्नपाण्यावाचून अंत झाला.

सांस्कृतिक क्षेत्रही यातून सुटले नाही. 'ले बाले आफ्रिकँ' या जगप्रसिद्ध नृत्यपथकाचे संस्थापक फोदेबा केइता हे स्वतंत्र गिनीच्या मंत्रिमंडळात गृहखात्याचे प्रमुख होते. दडपशाहीची जी यंत्रणा उभी राहिली, तिच्याशी त्यांचा स्वतःचा संबंध होता. १९६९ मध्ये त्यांनाच अटक होऊन बोइरो छावणीत त्यांचा अंत झाला. त्याच छावणीतील सुरक्षादलाचा 'सुपर बोइरो बँड' हा राष्ट्रीय दर्जाचा नृत्यवृंद होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका सिलिफोनने प्रकाशित केल्या. एकाच नावाने एक तुरुंग आणि एक नृत्यवृंद ओळखला जात होता, ही बाब त्या काळाचे स्वरूप स्पष्ट करण्यास पुरेशी आहे.

अशा परिस्थितीत कलावंतांसमोर कोणते पर्याय होते? देशात खाजगी ध्वनिमुद्रण संस्था नव्हती आणि नभोवाणी शासनाची होती. पक्ष, सैन्य व राष्ट्राध्यक्ष यांच्या स्तुतीची गीते रचणे हा नोकरीचाच भाग होता. शासनावर टीका करणारे गीत प्रसारित होणे अशक्य होते. बेम्बेयाच्या ध्वनिमुद्रिकांत 'आर्मे गिनेएन' यांसारखी सैन्यगौरवाची गीते आहेत, तशीच प्रेम, विरह आणि गावाची ओढ यांचीही गीते आहेत. जे गायले गेले नाही त्याची नोंद कोठेही नसते. म्हणूनच उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून त्या काळच्या जनमताविषयी निष्कर्ष काढताना अभ्यासकांनी सावध राहिले पाहिजे. गीतांतील उत्साह खरा असू शकतो. मात्र तो सार्वत्रिक होता असे त्यावरून सिद्ध होत नाही.

८. ऱ्हास, पुनरागमन आणि जतन

१९७३ मध्ये कार्यक्रमासाठी डाकारला गेले असता मोटार अपघातात देंबा कामारा यांचा मृत्यू झाला. त्याच मोटारीत असलेले सेकू दियाबाते बचावले. गिनीत कामारा यांना राष्ट्रीय इतमामाने निरोप देण्यात आला. या आघातानंतर वृंद काही काळ थांबला. पुढे नव्या गायकांसह तो उभा राहिला आणि १९७६ च्या सुमारास सेकू दियाबाते यांच्या गिटारवादनाला वाहिलेली 'पती सेकू' ही रचना गाजली.

२६ मार्च १९८४ रोजी सेकू तूरे यांचे निधन झाले. थोड्याच दिवसांत लान्साना कोंते यांच्या नेतृत्वाखाली सैन्याने सत्ता घेतली. नव्या राजवटीने बोइरो छावणीतील बंद्यांना मुक्त केले. वाद्यवृंदांचा राज्याश्रयही ओसरला आणि सिलिफोन बंद पडली. एकाच बदलाने बंद्यांचा तुरुंगवास आणि वादकांचे वेतन ही दोन्ही संपली. वीस वर्षे शासनाच्या आधारावर उभ्या असलेल्या वृंदांना तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांवर जगण्याचा अनुभव नव्हता. १९९० च्या दशकात बेम्बेया जवळजवळ विस्मृतीत गेला.

या संदर्भात सेनेगलच्या 'ऑर्केस्ट्रा बाओबाब'शी तुलना उद्बोधक ठरते. क्युबन संगीत आणि स्थानिक परंपरा यांचाच संयोग करणारा हा वृंद १९७० मध्ये डाकारमधील एका खाजगी क्लबसाठी स्थापन झाला. त्यास शासकीय वेतन नव्हते आणि अस्सलपणाचा दंडकही नव्हता. श्रोत्यांची आवड नव्या 'एम्बालाख' शैलीकडे वळताच १९८७ मध्ये तो विसर्जित झाला. पुढे परदेशी रसिकांच्या मागणीमुळे २००१ मध्ये त्याचे पुनर्मीलन झाले. बेम्बेयानेही २००२ मध्ये 'बेम्बेया' ही नवी ध्वनिमुद्रिका काढून युरोप व अमेरिकेचे दौरे केले. राज्याश्रय असो वा बाजारपेठ, दोहोंवर अवलंबून असलेले हे वृंद आधार हलताच कोसळले. फरक इतकाच की, राज्याश्रयाने गिनीच्या अगदी आडवळणाच्या गावापर्यंत वाद्ये पोहोचविली. बाजारपेठेने बेयलासारख्या ठिकाणी विजेची गिटार नेली नसती.

गिनीच्या नभोवाणीकडील ध्वनिफितींचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. १९८५ मधील फसलेल्या उठावाच्या वेळी कोनाक्रीतील ध्वनिसंग्रहाची मोठी हानी झाली. उरलेल्या फिती कित्येक वर्षे उष्ण व दमट खोल्यांत पडून होत्या. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवज योजनेच्या साहाय्याने ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रॅम काउन्सेल यांनी २००८ पासून टप्प्याटप्प्याने या संग्रहाचे अंकीय रूपांतर केले. नऊ हजारांहून अधिक गीते त्यातून वाचली. यांत कधीही प्रकाशित न झालेल्या ध्वनिमुद्रणांचा मोठा वाटा आहे. या संग्रहामुळे सिलिफोनच्या निवडक तबकड्यांपलीकडे जाऊन विभागीय वृंदांचे संगीत अभ्यासणे शक्य झाले आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बेम्बेया जॅझच्या शैलीत क्युबन संगीत सांध्यासारखे कार्य करते. क्लावेचा ताल आणि मोन्तुनोची प्रश्नोत्तरे यांची तत्त्वे स्थानिक परंपरेत आधीच होती. त्यामुळे जेलींचे वादन विजेच्या गिटारवर येताना त्याची मूळ रचना टिकून राहिली.

२) 'अस्सलपणा'च्या धोरणाने प्रत्यक्षात शुद्ध परंपरेचे जतन केले नाही. परंपरेवर आधारलेली नवी, मिश्र आणि राष्ट्रीय शैली त्यातून घडली. धोरणाची घोषणा आणि परिणाम यांतील हे अंतर सांस्कृतिक धोरणांच्या अभ्यासात लक्षात घेण्यासारखे आहे.

३) राज्याश्रयाने वाद्ये, वेतन, प्रशिक्षण व ध्वनिमुद्रण पुरविले आणि कलावंतांच्या आशयावर मर्यादाही घातली. या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेची कार्ये होती. त्यांपैकी एक स्वीकारून दुसरी दृष्टीआड करता येत नाही.

बेम्बेयाचे संगीत आजही ऐकणाऱ्यास आनंद देते. तो आनंद नाकारण्याचे कारण नाही. परंतु या संगीताविषयी लिहिताना वा वर्गात ते ऐकविताना त्यासोबत त्या काळाची पूर्ण हकिगत सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. सामोरींच्या पराक्रमाची गाथा ज्या वर्षी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघर पोहोचली, त्याच वर्षी फोदेबा केइता बोइरो छावणीत मारले गेले. या दोन घटना एकाच शहरात घडल्या आणि दोहोंचा खर्च एकाच शासनाच्या तिजोरीतून झाला. गिनीच्या सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवूनच व्हावयास हवी.